जावयाने जोडलेलं पिस्तूल

मी स्वतःच्या हातांनी पिस्तूल बनवलं आहे. हे वाक्य सिंगापुरात ऑफिसच्या पँट्रीत मोठ्याने बोलायचं नसतं, हे मला ते बोलून झाल्यावर कळलं. म्हणून खुलासा आधीच करून टाकतो. या पिस्तुलातून गोळी सुटत नाही, छर्रा सुटत नाही, पाणीसुद्धा सुटत नाही. फक्त आवाज सुटतो, आणि तोही त्याच्या मर्जीने. रंग नारिंगी, आकार केस वाळवायच्या यंत्रासारखा, पोटात दोन सेल आणि एक छोटा स्पीकर. धावण्याच्या शर्यती सुरू करण्याचं ते उपकरण आहे. पण सुटे भाग जोडून ते मी उभं केलं आहे, एकट्याने, आणि त्याबद्दल मला जो अभिमान वाटतो तो मी लपवणार नाही.

निमित्त झालं आमच्या मंडळाच्या क्रीडास्पर्धांचं. दरवर्षी एप्रिलात, जयंतीच्या सुमारास एका रविवारी सिंगापुरातली आमची मराठी मंडळी चोआ चू कांगच्या एका मैदानावर जमतात. लहान मुलांची धावण्याची शर्यत, लिंबू-चमचा, रस्सीखेच, मग जेवण. शर्यती सुरू करायचं काम इतकी वर्षं आमचे अध्यक्ष अभय गजभिये करत आले. त्यांची पद्धत म्हणजे 'वन, टू, थ्री' असं ओरडायचं. आता 'थ्री' ऐकताक्षणी पळायचं की 'थ्री' पूर्ण झाल्यावर पळायचं, यावर आमच्यात दोन तट आहेत. दर शर्यतीत एक तट पुढे निघून जातो आणि दुसरा तट जेवण होईपर्यंत तक्रार करतो. गेल्या वर्षी एका जोडप्यातला नवरा एका तटात आणि बायको दुसऱ्या तटात निघाली. ती दोघं परतीच्या वाटेवर एमआरटीच्या वेगवेगळ्या डब्यांतून गेली म्हणतात.

यंदाच्या मीटिंगमध्ये मी उभा राहून सांगितलं की हा प्रश्न माणसांचा नसून यंत्रणेच्या विश्वासार्हतेचा आहे. हे बोलायचा मला अधिकार होता. मी तांजोंग पगारला एका बँकेत साइट रिलायबिलिटी मॅनेजर आहे. म्हणजे बँकेचे संगणक बंद पडू नयेत म्हणून मला पगार मिळतो, आणि ते बंद पडले की पगार कशाचा मिळतो असं मला विचारलं जातं.

पण मीटिंग हे वरवरचं कारण झालं. खरं कारण आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर बसलं होतं. माझे सासरे, बाबूराव, दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते.

बाबूराव पिंपरीच्या एका शाळेत पी.टी.चे शिक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी पाठ अजून ताठ आहे. पहाटे उठून कॅनव्हासचे बूट घालून ते आमच्या ब्लॉकमागच्या वाटेवर धावून येतात. कडक माणूस. पिंपरीत आजही पन्नाशीचे बाप्ये त्यांना बघून खिशातले हात बाहेर काढतात. आणि हाच माणूस माझ्याशी मात्र एकच वाक्य बोलतो. मी चहा केला आणि तो पांचट झाला, तर म्हणणार, "असू दे, जावईबापू." मी लेकीच्या सायकलचं चाक बसवलं आणि ते खाली पार्किंगमध्ये निखळून एकटंच पुढे गेलं, तर ते धावत जाऊन आणणार, मुकाट्याने बसवणार आणि म्हणणार, "असू दे, जावईबापू." चूक काढत नाहीत, सल्ला देत नाहीत, हसत नाहीत. माझी बायको रुपाली म्हणते की हा मान आहे. असेल. पण पाटावर बसवलेल्या माणसाला थोडा सरकून बस असंही कोणी म्हणत नाही, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या पाटाची पाठीला रग लागते. मला त्यांच्याकडून एकदा तरी एक खरा शब्द ऐकायचा होता. चांगला असता तर उत्तमच.

मीटिंगनंतर अभय गजभिये घरी आले आणि बाबूरावांना म्हणाले, काका, यंदा साठीच्या पुढच्यांची शर्यत ठेवतोय, तुम्ही धावायला हवं. बाबूराव म्हणाले, बघू. पण रात्री जेवताना ते आपणहून बोलायला लागले, जे क्वचित घडतं. त्यांच्या शाळेकडे कधी पिस्तूल नव्हतं. सगळ्या शर्यती शिट्टीवर. मुलं वाऱ्यासारखी धावायची. पण जिल्ह्याच्या स्पर्धेला नेलं की तिथे खरं पिस्तूल वाजायचं आणि ही मुलं दचकून जागेवरच थिजायची. एक पोरगी तर अशी होती की तिला गाठणारं कोणी नव्हतं. बार झाल्यावर ती कानांवर हात ठेवून उभी राहिली, आणि बाकीच्या गेल्या. पुढे बाबूराव लाकडाच्या दोन फळ्या एकमेकींवर आपटून सराव घ्यायला लागले. स्वतः मात्र ते पिस्तुलाच्या आवाजावर आयुष्यात कधी धावले नव्हते.

"बाबा," मी म्हणालो, "यंदा पिस्तूल असेल. मी करतो."

रुपालीने माझ्याकडे जी नजर टाकली ती मी या आधीही पाहिली आहे. तयार पिस्तूल मिळत नव्हतं असं नाही. पण तयार वस्तू कुठलाही जावई आणून ठेवतो. मी सुट्या भागांचा संच मागवला.

आता इथे माझ्याकडून एक बारीकशी चूक झाली. मागवताना वस्तूचं वर्णन लिहायच्या जागी मी अभिमानाने 'पिस्तूल, स्वतः जोडण्याचे' असं लिहिलं. सिंगापुरात हा शब्द फार मन लावून वाचतात. पार्सल कस्टम्समध्ये अडकलं आणि मला खुलासा द्यायला बोलावणं आलं. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, अतिशय नम्र. नम्र अधिकाऱ्यांची मला जास्त भीती वाटते. तिने विचारलं, यातून काय बाहेर येतं? मी म्हणालो, आवाज. आणखी काही? मी म्हणालो, अजून तर काहीच नाही, कारण ते अजून जोडायचंय. हे उत्तर मी घरी पाठ केलेल्या उत्तरांत नव्हतं. मग मी कागदावर आकृती काढून शर्यतीचं शास्त्र, 'थ्री'चे दोन तट आणि पिंपरीच्या शाळेचा थोडा इतिहास सांगितला. माझ्या मागची रांग मन लावून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "सर, म्हणजे हा बझर आहे." मी म्हणालो, स्टार्टिंग पिस्तूल. ती तितक्याच नम्रपणे म्हणाली, "सर, तुम्हाला आज घरी बझर न्यायचाय की पिस्तूल न्यायचंय?"

मी बझर म्हणालो. पण मनापासून नाही.

संच उघडला तेव्हा आमचे शेजारी अंकल लिम दारात उभेच होते. ते जहाजबांधणीतून निवृत्त झालेले आहेत आणि आमच्या मजल्यावर कुठेही स्क्रू-ड्रायव्हर बाहेर निघाला की त्यांना तो ऐकू येतो. माहितीपत्रक चिनी भाषेत होतं. अंकल लिमनी ते चष्मा वर-खाली करत बराच वेळ वाचलं आणि मला त्याचं सार सांगितलं, "ईझी, लाह." 'लाह' हे इथल्या इंग्रजीचं शेपूट आहे, त्याला अर्थ नसतो. वायरी चार होत्या आणि चारही लाल होत्या. ज्याने त्या सगळ्या लाल केल्या त्याला माझ्या हाताखाली एक वर्ष तरी नोकरीला ठेवावं अशी माझी इच्छा आहे. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी ते जोडलं. शेवटचा स्क्रू आवळला, बाबूरावांना समोर बसवलं, रुपालीला आणि लेकीला हाक मारली, हात उंचावला आणि चाप ओढला.

काही झालं नाही. पुन्हा ओढला. पुन्हा नाही. बाबूराव म्हणाले, "असू दे, जावईबापू," आणि पाय मोकळे करायला खाली गेले. मी पिस्तूल टेबलावर ठेवून पाणी प्यायला आत गेलो आणि मागे असा बार झाला की माझ्या हातातला पेला सिंकमध्ये पडला. लागोपाठ दुसरा बार झाला. मी दोनदा चाप ओढला होता, त्याने दोनदा आवाज दिला होता. हिशेब चोख होता. फक्त वेळेचा प्रश्न होता.

माझी लेक अवनी इथल्या शाळेत जाते आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला सिंगापुरी इंग्रजीत उत्तर देते. तिने निदान केलं, "पप्पा, युअर गन गॉट लॅग, लाह."

आमच्या धंद्यात अशा वेळी मुळाशी जायचं असतं. आवाज का उशिरा झाला, तर संदेश उशिरा पोचला. संदेश का उशिरा पोचला, तर जोड सैल असेल. जोड का सैल असेल, तर कोणी नीट जोडला नसेल. इथे मी मुळाशी जाणं थांबवलं. अंकल लिमचं म्हणणं पडलं की हा हवेतल्या दमटपणाचा दोष आहे आणि पिस्तूल एक रात्र तांदळात ठेवायला हवं. ते मला पटलं, कारण त्यात दोष हवेचा होता. मी ते तांदळाच्या डब्यात पुरलं. आता ते पुरण्याआधी मी एकदा चाप ओढून बघितला होता, हे रुपालीला सांगायचं राहिलं. सकाळी तिने वाटी घेऊन डब्यात हात घातला. पुढचे कितीतरी दिवस आमच्या फ्रिजखालून, सोफ्याखालून, बाबूरावांच्या कॅनव्हासच्या बुटातून तांदूळ निघत होते. रुपाली ओरडली नाही. ती फक्त म्हणाली की शिट्टी नावाची एक वस्तू असते, तिला सेल लागत नाहीत. अध्यक्षांनीही फोन करून फोनमधल्या एका ॲपची शिफारस केली. प्रतिभावंताच्या वाट्याला हे येतंच.

घरातून हकालपट्टी झाल्यावर मी चाचण्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत सुरू केल्या. तिथे दगडी टेबलावर पटाचा डाव मांडून बसलेल्या आजोबांपैकी एकाने पहिल्या बारानंतर चाल परत मागितली, दुसऱ्याने दिली नाही, आणि दोघांनी मिळून मला हाकललं. मग मी बहुमजली कारपार्कच्या गच्चीवर गेलो. बाबूराव बरोबर आले. हात मागे बांधून, लांब कठड्यापाशी उभे राहून ते पाहत राहिले. आणि त्या संध्याकाळी पिस्तूल वाजलं. ओढलं की वाजलं, ओढलं की वाजलं. समोरच्या ब्लॉकवरून प्रतिध्वनी येत होता आणि मी मागे वळून बघत होतो. बाबूरावांनी मान हलवली. हलवली म्हणजे किंचित. पण हलवली.

मी छाती काढून लिफ्टमध्ये शिरलो. आत एक चिनी मावशी भाजीची ट्रॉली घेऊन उभ्या होत्या. दार बंद झालं आणि माझ्या पिशवीत पिस्तूल वाजलं. शेवटचा बार उधार राहिला होता, तो त्याने चुकता केला. लिफ्टमध्ये तो आवाज फारच भरीव वाटतो. मी बझर, बझर असं ओरडत पिशवी उघडून दाखवायला गेलो, आणि पिशवीतून नारिंगी का होईना पण पिस्तूलच बाहेर आलं. मावशी ट्रॉली तिथेच टाकून पुढच्याच मजल्यावर उतरल्या. त्यांची ट्रॉली आम्ही दोघांनी नंतर त्यांच्या दारात नेऊन ठेवली आणि त्यांनी ती जाळीच्या दाराआडून, आम्ही दूर गेल्यावर आत घेतली.

"असू दे, जावईबापू," बाबूराव म्हणाले.

खरं सांगतो, त्या दिवशी मला ते वाक्य फार लागलं. याच्यापेक्षा त्यांनी माझी सगळ्या बिल्डिंगसमोर खरडपट्टी काढली असती तरी चाललं असतं.

स्पर्धेचा रविवार उजाडला. मी रात्रीतून जोड पुन्हा आवळले होते, सेल नवे घातले होते आणि शिट्टी मुद्दाम घरी ठेवली होती. पहिली शर्यत छोट्या मुलांची. मी हात उंचावला, 'सेट' म्हणालो, चाप ओढला, आणि काय बार झाला! मुलं सुटली, सगळी एकाच वेळी. तक्रार नाही, तट नाही. लिंबू-चमच्याला वाजलं, बायकांच्या शर्यतीला वाजलं. अभय गजभिये येऊन पाठ थोपटून गेले. मागच्या वर्षीचं ते जोडपं हातात हात घालून फिरत होतं. मी मैदानाच्या कडेने जरा जास्तच फेऱ्या मारल्या, हे मान्य करतो.

मग साठीच्या पुढच्यांची शर्यत लागली. मुलांकडे, मुलींकडे पाहुणे म्हणून आलेले आईवडील रेषेवर उभे राहिले. कोणी पँट वर दुमडलेली, कोणी सुनेचे बूट घातलेले. टोकाला बाबूराव, आणि ते एकटे नियमाप्रमाणे गुडघा टेकून, बोटं रेषेमागे ठेवून बसलेले. मी हात उंचावला. 'सेट' म्हणालो. त्यांनी कंबर उचलली. या वयात ती सोपी गोष्ट नाही.

मी चाप ओढला. शांतता.

पुन्हा ओढला. रेषेवरच्या एक आजी पुढे झुकल्या होत्या त्या आणखी झुकल्या. कोणीतरी विचारलं, झालं का? माझ्या कानशिलांवरून घाम ओघळायला लागला. मी हात खाली आणला आणि पिस्तूल हलवून बघितलं, आणि तेवढ्यात अभय गजभिये यांच्यातला जुना स्टार्टर जागा झाला. ते ओरडले, "वन, टू, थ्री, पळा!" झालं. अर्धे 'थ्री'वर निघाले, अर्धे नंतर निघाले, पण निघाले. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. मी त्या नारिंगी डबड्याकडे बघत उभा होतो आणि ते मैदान मला पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

बघतो तर बाबूराव रेषेवरच. तसेच, गुडघा टेकून.

मी धावत गेलो. "बाबा, सगळे गेले."

"बार झाला नाही," ते समोर बघत म्हणाले.

"पिस्तूल बिघडलंय, बाबा. तुम्ही उठा, गुडघे दुखतील."

आणि मग तो आवाज आला. पिंपरीच्या मैदानावरचा, जो मी फक्त ऐकून होतो.

"हात खाली का आणलास? कोणी सांगितलं तुला? बार होईपर्यंत स्टार्टरचा हात वर पाहिजे! तुझा हात खाली आला की धावणाऱ्याचा धीर सुटतो. एवढं कळत नाही? जा जागेवर. कोपर सरळ. मान वर. आणि इकडेतिकडे बघू नकोस, लोकांना हसायचं ते हसू दे."

रुपाली पाणी घेऊन येत होती ती अर्ध्यातच थांबली. मी जागेवर गेलो. हात उंचावला, कोपर सरळ केलं, 'सेट' म्हणालो आणि चाप ओढला. काही नाही. पण हात मी खाली आणला नाही. पलीकडच्या टोकाला शर्यत संपली, पहिल्या आलेल्या आजोबांचे फोटो निघाले, सरबत वाटलं जाऊ लागलं, आणि हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की अलीकडच्या टोकाला एक माणूस आकाशाकडे पिस्तूल रोखून उभा आहे आणि दुसरा त्याच्यापुढे कंबर उचलून बसला आहे. हसू आलं, मग थांबलं. माझा खांदा जळत होता. बाबूरावांची बोटं गवतात रुतली होती, पण रेषेपुढे आली नाहीत. आमच्या दोघांपैकी कोणीही हलायला तयार नव्हतं.

आणि ते वाजलं.

बाबूराव सुटले. दचकले नाहीत, थिजले नाहीत. बाराबरोबर सुटले, जणू तो बार त्यांच्या पायातच होता. रिकाम्या मैदानातून ते एकटे धावत गेले, हात नेमके, नजर समोर, आणि दोन्ही बाजूंनी सगळं मंडळ सरबत टाकून टाळ्या वाजवत राहिलं. अवनी त्यांच्याबरोबर कडेने पळत ओरडत होती, मराठीत. मधेच मी मागे उधार ठेवलेले बार एकेक करून वाजत होते, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. मी हात तसाच वर धरून उभा होतो. डोळे पुसायला दुसरा हात होता.

बक्षीस अर्थातच दुसऱ्या आजोबांना मिळालं. बाबूरावांनी त्यांचं अभिनंदन केलं आणि वर त्यांना सांगितलं की तुमची सुरुवात मात्र बाद आहे.

घरी आल्यावर जेवण होतंय न होतंय तोच ते सुरू झाले. तुझं 'सेट' फार लांबतं. तू धावणाऱ्यांकडे बघतोस, तुझी नजर रेषेवर पाहिजे. उभं राहताना पोक काढतोस. ते पिस्तूलही उघडून बघ, चारही वायरी लाल ठेवून कोण जोडतं, खुणेला दोरा बांधता येत नाही? चहासुद्धा तू पांचट करतोस, आलो त्या दिवसापासून बघतोय. रुपाली घाबरून म्हणाली, "बाबा, अहो, जावई आहेत ते." मी तिला म्हणालो, तू मधे पडू नकोस. मी इतकी वर्षं उपाशी होतो.

मग त्यांनी मला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं आणि हात वर करून उभं केलं. अंकल लिम कचरा टाकायला निघाले होते, ते थबकले. माझ्याकडे बघितलं, कमरेवर हात ठेवून माझं कोपर तपासणाऱ्या बाबूरावांकडे बघितलं आणि विचारलं, हे तुझे सासरेच ना, मग तुला ही कसली शिक्षा करतायत?

"माझे सर आहेत," मी हात खाली न आणता सांगितलं.